कोणाची गाठ कोणाशी? सुपर बोलपूर्वीची चर्चा कशी करावी

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, तिकडे रविवारी संध्याकाळी सुरू होतो तेव्हा गोव्यात सोमवारची पहाट असते आणि घड्याळात पाच वाजलेले असतात. दोन्ही संघ निश्चित झाल्यापासून सामन्यापर्यंत बहुधा दोन आठवडे मिळतात, आणि म्हार्दोळला आमच्या घराच्या सोप्यावर या पंधरवड्यात दोन-तीन संध्याकाळी तरी बैठक जमते. जहाजावरच्या नोकरीत या खेळाची गोडी लागलेला माझा मेहुणा, फोंड्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक, अभियांत्रिकी शिकणारी दोन मुले आणि मी, एवढीच आमची मंडळी. पहिली काही वर्षे आमची चर्चा 'अमका भारी की तमका भारी' यापलीकडे जात नसे. आवाज चढत, चहा निवून जाई, आणि सामना पाहताना लक्षात येई की ज्या गोष्टीवर तासभर भांडलो ती मैदानावर घडलीच नाही. मग हळूहळू आम्ही चर्चेची एक रीत बसवली. जे वाचक हा खेळ नव्याने पाहू लागले आहेत आणि ज्यांना अंतिम सामन्याआधी मित्रांशी मनापासून वाद घालायचा आहे, त्यांच्यासाठी ती येथे मांडत आहे.

या खेळात प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात, चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, आणि प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांत संपतो. त्या सेकंदांत कोण, कोणासमोर, मैदानाच्या कोणत्या भागात, कोणाची मदत घेऊन आणि किती वेळ टिकून राहतो, या सगळ्याला मिळून आम्ही 'गाठ' म्हणतो. नुसती दोन नावे शेजारी लिहिली म्हणजे गाठ होत नाही. ज्या दाव्यात या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तो आमच्याकडे वादासाठी घेतलाच जात नाही. हा नियम कडक वाटेल, पण नव्वद टक्के निष्फळ भांडणे त्याने सुरू होण्याआधीच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

जमिनीवरची मांडणी

चर्चा तोंडी करू नये, ती डोळ्यांसमोर मांडून करावी. आम्ही सोप्याच्या लाल लादीवर खडूने एक आडवी रेघ ओढतो. रेघेच्या अलीकडे अकरा चिंचोके आणि पलीकडे गेल्या हंगामातल्या अकरा काजूच्या बिया ठेवतो. चिंचोके हा चेंडू खेळवणारा संघ. त्यातले पाच रेघेला चिकटून एका ओळीत बसतात : मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. या पाचांच्या मागे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, त्याच्याजवळ चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक, ओळीच्या शेजारी अडवणे आणि झेलणे ही दोन्ही कामे करणारा टाइट एंड आणि दूर दोन्ही कडांना फेकलेला चेंडू झेलणारे रिसीव्हर. काजूच्या बिया बचावासाठी निवडल्या त्याला कारण आहे. काजूच्या बीला एक बाक असतो, त्यामुळे बचावपटूचे तोंड क्वार्टरबॅककडे आहे की रिसीव्हरकडे, हे बी फिरवून दाखवता येते, आणि पुष्कळदा सगळा वाद तेवढ्यावरच असतो.

दुसरी तयारी माणसांची. प्रत्येकाने आवडता संघ न घेता एक गाठ घ्यावी, आणि ती चिठ्ठी टाकून घ्यावी. संघ घेतला की माणूस वकील होतो. गाठ घेतली की त्याला दोन्ही बाजूंचे खेळाडू पाहावे लागतात, मागील दोन-तीन सामन्यांची चित्रफीत उघडावी लागते, आणि बैठकीत येताना त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी असते. पाच माणसांना पाच गाठी पुरे झाल्या. याहून अधिक घेतल्या तर एकीलाही न्याय मिळत नाही.

समोर खरोखर कोण उभा असतो

पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण चुकांची सुरुवात येथून होते. सर्वोत्तम रिसीव्हर आणि सर्वोत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे त्याला रोखणारा कडेचा बचावपटू, एकमेकांसमोर येणारच असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात काही कॉर्नरबॅक रिसीव्हरच्या मागे सावलीसारखे फिरतात आणि काही आपली बाजू सोडत नाहीत. सिअ‍ॅटल सीहॉक्सचा रिचर्ड शर्मन ऐन भरात असताना बचावाच्या डाव्या बाजूलाच उभा राहत असे. २०१४ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स याने त्याच्या बाजूला एकही चेंडू टाकला नाही, आणि पॅकर्स ३६-१६ असे हरले. त्या दिवशी शर्मनच्या नावावर आकडेवारीत सांगण्यासारखे काही जमा झाले नसेल, पण रॉजर्सने अर्धे मैदान आपणहून सोडून दिले होते. म्हणून कॉर्नरबॅकची गाठ मांडणाऱ्याने त्याने किती चेंडू अडवले हे सांगण्याआधी त्याच्याकडे किती चेंडू आले, हे सांगावे.

मदतीला कोण येतो

गोव्यात शाळेच्या पटांगणावर कबड्डी खेळलेल्या कोणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. चढाई करणाऱ्याचा पाय कोपऱ्यातला गडी धरतो आणि टाळ्या त्याला पडतात, पण शेजारच्याने वाट अडवली नसती तर तो पाय हाती लागलाच नसता. अमेरिकन फुटबॉलमध्ये टॅकल आणि कडेने घुसणारा एज रशर यांची गाठ अगदी अशीच असते. टॅकल एकटा कमी पडतो असे वाटले तर प्रशिक्षक टाइट एंडला त्याच्या शेजारी उभा करतो, किंवा रनिंग बॅकला धक्का देण्यापुरता मागे थांबवतो. मदत मिळते, पण मदतीला आलेला प्रत्येक जण चेंडू झेलायला उशिरा तरी निघतो किंवा निघतच नाही. तेव्हा लादीवर एक चिंचोका टॅकलजवळ सरकवला की लगेच विचारावे, हा उचलला कोठून?

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ७ फेब्रुवारी २०२१ च्या अंतिम सामन्याचे आहे. टॅम्पा बे बकनिअर्सशी खेळताना कॅन्सस सिटी चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल मैदानाबाहेर होते. मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने आधीपासूनच बाहेर होता, आणि एरिक फिशरला त्याआधीच्याच सामन्यात टाचेच्या वरच्या शिरेची दुखापत झाली होती. चीफ्सने उजवीकडच्या माईक रेमर्सला डावीकडे नेले आणि गार्ड असलेल्या अँड्र्यू वायलीला उजवा टॅकल केले. सामन्याआधी सगळीकडे बोलले जात होते ते क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स आणि टॉम ब्रेडी यांच्याविषयी, जे दोघे एकाच वेळी मैदानात उतरतच नाहीत. महोम्सवर त्या रात्री २९ वेळा दडपण आले, चीफ्सला एकही टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेघेपार नेणे, करता आला नाही आणि ते ३१-९ असे हरले. क्वार्टरबॅक विरुद्ध क्वार्टरबॅक ही गाठ आमच्या बैठकीत मांडायला बंदी आहे, ती या सामन्यापासून.

त्याच सामन्यातून दुसराही धडा घेण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये हेच दोन संघ टॅम्पातच भिडले होते. तेव्हा चीफ्सचा रिसीव्हर टायरीक हिल याने २६९ यार्ड मिळवले होते, त्यांपैकी २०३ पहिल्याच पावात, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात. कोणीही म्हणेल की ही गाठ सुटली, हिल जिंकला. पण अंतिम सामन्यात बकनिअर्सचे बचाव-प्रशिक्षक टॉड बोल्स यांनी कॉर्नरबॅकला एकटे सोडले नाही. दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे राखणदार, खोल उभे केले, आणि हिलला ७३ यार्डांवर थांबवले. मागील भेटीचा निकाल सांगणाऱ्याला म्हणूनच पुढचा प्रश्न विचारावा : तो निकाल पाहून हरलेल्या बाजूने काय बदलले असेल?

दोन गाठींमधले घड्याळ

सगळ्यांत समृद्ध आणि सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा हा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. मैदानावरच्या गाठी स्वतंत्र नसतात; एकीचा वेळ दुसरी खाते. रिसीव्हरला मोकळे व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ पुढच्या पाच जणांनी क्वार्टरबॅकला मिळवून द्यावा लागतो. तो न मिळाल्यास रिसीव्हरने आपली गाठ जिंकूनही काही उपयोग नसतो.

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी लॉस एंजेलिस रॅम्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यात अंतिम सामना झाला. आमच्या सोप्यावर त्या पंधरवड्यात दोन गाठींवर वाद रंगला होता. एक होती बेंगल्सचा तरुण रिसीव्हर जमार चेस आणि रॅम्सचा कॉर्नरबॅक जेलन रॅम्सी यांची. दुसरी होती बेंगल्सची पुढची फळी आणि मधून घुसणारा अ‍ॅरन डोनाल्ड यांची. पहिली गाठ घेतलेला मुलगा ठासून सांगत होता की चेस रॅम्सीला मागे टाकणार. दुसरी माझ्या मेहुण्याकडे होती. त्याचे म्हणणे एवढेच होते की टेनेसी टायटन्सविरुद्ध नऊ वेळा सॅक होऊनही, म्हणजे चेंडूसकट खाली पाडला जाऊनही, क्वार्टरबॅक जो बरो जिंकला होता, पण हे रोज घडत नाही.

सामन्याच्या शेवटच्या मिनिटात रॅम्स २३-२० असे पुढे होते. बेंगल्सचा चौथा प्रयत्न, हवा होता एक यार्ड. चेंडू बरोच्या हाती आला. कडेला चेस धावत सुटला, रॅम्सीचा तोल गेला, आणि चेसच्या पुढे मोकळे मैदान उरले. त्याच वेळी डोनाल्ड गार्डला बाजूला सारून आत शिरला होता. त्याने बरोला धरून गरकन फिरवले, बरोने पडता पडता चेंडू जवळच्या माणसाकडे कसाबसा भिरकावला आणि तो जमिनीवर पडला. सामना तेथेच संपला. मुलाचे भाकीत अक्षरशः खरे ठरले होते, चेसने रॅम्सीला मागे टाकले होते. पण त्याच्याकडे बघायला बरोला वेळच उरला नव्हता. बेंगल्सच्या क्वार्टरबॅकला त्या दिवशी सात वेळा पाडण्यात आले.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक बैठकीत गाठींना क्रम लावतो. लादीवर बोटाने टिचक्या मारत एक, दोन, तीन असे मोजायचे आणि प्रत्येक टिचकीला कोणता चिंचोका कोठे पोहोचला हे सांगायचे. 'तिसऱ्या टिचकीला तुझा रिसीव्हर मोकळा होतो आणि याचा गार्ड दुसऱ्या टिचकीलाच पडतो' असे म्हटले की दोन वेगळे वाद एका वादात येतात, आणि खरी चर्चा तेथून सुरू होते.

रोखण्याची किंमत

तगड्या खेळाडूला रोखता येते, पण फुकट नाही. २०२४ च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सचा रनिंग बॅक सक्वान बार्कली याने २,००५ यार्ड धाव घेतली होती, आणि ९ फेब्रुवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात चीफ्सने त्याला २५ प्रयत्नांत ५७ यार्डांवर अडवून दाखवले. बार्कलीची गाठ चीफ्सने निर्विवाद जिंकली आणि सामना ४०-२२ असा गमावला. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याने २२१ यार्ड फेकले, स्वतः ७२ यार्ड धावला आणि सामन्याचा मानकरी ठरला. उलट बाजूला ईगल्सने महोम्सला सहा वेळा पाडले, तेही ब्लिट्झ, म्हणजे जास्तीचे खेळाडू आत पाठवणे, एकदाही न करता. पुढच्या चौघांनीच आपापल्या गाठी जिंकल्यामुळे उरलेले सात जण मागे राखणीला मोकळे राहिले. एखादी गाठ किती मोलाची आहे हे ठरवताना ती जिंकायला किती माणसे लागली आणि त्यामुळे किती माणसे मोकळी झाली, हा हिशोब मला सर्वांत खात्रीचा वाटतो.

आधी पूर्वपक्ष

आता प्रत्यक्ष वाद कसा घालावा ते सांगतो. आमच्या मुख्याध्यापकांनी घालून दिलेला दंडक आपल्याकडच्या शास्त्रचर्चेतूनच आलेला आहे : आधी पूर्वपक्ष, मग खंडन. समोरच्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडून दाखवल्याशिवाय आणि त्याने मान डोलावल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही.

"सर, तुमचे म्हणणे असे की उजवा टॅकल एकटा टिकणार नाही, म्हणून रनिंग बॅकला मागे थांबावे लागेल, आणि म्हणून मधल्या भागात चेंडू द्यायला आमचा एक माणूस कमी पडेल. बरोबर ना?"

"बरोबर. आता तुझे सांग."

एवढ्या दोन वाक्यांनी सोप्यावरचा आवाज खाली येतो. कित्येकदा पूर्वपक्ष मांडतानाच मांडणाऱ्याला आपल्या उत्तरातली फट दिसते. तीन मिनिटे मांडणी, तीन मिनिटे खंडन, आणि मग दोघांनी मिळून एक वाक्य लिहायचे की मतभेद नेमका कोठे उरला आहे. मतभेद उरलाच नाही तर ती गाठ बाजूला ठेवून पुढची घ्यावी.

आकडे वापरताना

आकडे आणावेत, पण आकड्याबरोबर तो कसा तयार झाला हेही आणावे. २०२२ च्या हंगामात ईगल्सने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना ७० वेळा पाडले होते आणि त्यांच्या चार खेळाडूंचे सॅक प्रत्येकी दहाच्या वर होते. १२ फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात त्यांना महोम्सला एकदाही पाडता आले नाही. गवत घसरडे होते, चेंडू लवकर सुटत होता, आणि चीफ्सच्या पाच जणांनी आपले काम चोख केले. चीफ्स ३८-३५ असे जिंकले.

त्या सामन्याचे चौथे पाव मात्र आकड्यांपेक्षा सवयींकडे पाहायला शिकवते. चीफ्सचा रिसीव्हर कडेरियस टोनी चेंडू सुटण्याआधी आतल्या दिशेने धावत आला, ईगल्सच्या बचावपटूंनी आपापसांत माणसे बदलायला सुरुवात केली, आणि टोनी अचानक उलटा बाहेर पळाला. त्याच्या आसपास कोणीही नव्हते. थोड्याच वेळाने स्काय मूरने तोच डाव खेळून दुसरा टचडाउन केला. त्याच हंगामात जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने ईगल्सविरुद्ध अशीच चाल यशस्वी केली होती, आणि चीफ्सच्या प्रशिक्षकांनी ती चित्रफितीत हेरली होती. बैठकीत जो कोणी अशी एक सवय शोधून आणतो, त्याचे म्हणणे मी दहा आकडे पाठ असणाऱ्यापेक्षा आधी ऐकतो.

दुखापतीच्या यादीविषयी थोडक्यात. संघांना सरावाचा अहवाल द्यावा लागतो. कोणी पूर्ण सराव केला, कोणी अर्धवट, कोणी केलाच नाही, हे त्यात असते. गुरुवारी अर्धवट आणि शुक्रवारी पूर्ण असेल तर काळजी कमी. उलट क्रम असेल तर त्या खेळाडूची गाठ पुन्हा मांडावी. न खेळणाऱ्यांची अंतिम यादी सामन्याच्या दीड तास आधी, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीनच्या सुमारास येते. तेव्हा जागे असणाऱ्या एकाने ती बाकीच्यांना कळवावी.

यादीतली शेवटची नावे

एक चिठ्ठी नेहमी अशी ठेवावी की ज्यावर कोणाही प्रसिद्ध खेळाडूचे नाव नाही, आणि ती काढणाऱ्याने दोन्ही संघांच्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूंकडे पाहावे. १ फेब्रुवारी २०१५ च्या अंतिम सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रिअट्सविरुद्ध सीहॉक्सच्या ख्रिस मॅथ्यूज याने कारकिर्दीतला पहिला झेल घेतला आणि त्या एका सामन्यात १०९ यार्ड मिळवले. पेट्रिअट्सने मग उंचपुऱ्या ब्रँडन ब्राउनरला त्याच्यावर नेमले आणि नवख्या माल्कम बटलरला अधिक खेळवले. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत बटलरला कोणत्याही संघाने निवडले नव्हते.

शेवटी जिंकून देणाऱ्या टचडाउनसाठी सीहॉक्सला एक यार्ड हवा होता. दोन रिसीव्हर एकामागे एक उभे होते. पुढच्याने वाट अडवायची आणि मागच्याने त्याच्या आडोशाने आत घुसायचे, असा डाव होता. ब्राउनरने पुढच्या जर्मेन कर्सला जागेवरच रोखून धरले, त्यामुळे बटलरला वाट मिळाली. हीच चाल सरावात त्याच्यावर एकदा यशस्वी झाली होती. या वेळी तो मागच्या रिकार्डो लॉकेटच्या आधी चेंडूपर्यंत पोहोचला. पेट्रिअट्स २८-२४ असे जिंकले. बटलरचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण ब्राउनरची गाठ सुटली नसती तर ते नाव झाले नसते. आमच्या लादीवर हा डाव आम्ही दरवर्षी एकदा मांडतो, नव्या मुलांना दाखवण्यासाठी.

लिहून ठेवणे

शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या गाठीचे भाकीत एका वाक्यात लिहावे, आणि ते असे लिहावे की सामना पाहताना खरे-खोटे डोळ्यांना दिसेल. 'आमचा एज रशर वरचढ ठरेल' हे चालणार नाही. 'पहिल्या पावातच त्यांचा टाइट एंड किमान तीनदा उजव्या टॅकलला चिकटून उभा राहील' हे चालेल. खाली तारीख घालून कागद घडी करून मुख्याध्यापकांकडे द्यायचा. तो मध्यंतरापर्यंत उघडायचा नाही.

मध्यंतर आपल्याकडे साडेसहाच्या पुढेमागे होते. तिकडे गाण्यांचा मोठा कार्यक्रम चालू असतो म्हणून वेळ पुष्कळ मिळतो. बाहेर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, मुलांपैकी एक जण उंडे घ्यायला पेळेपर्यंत धावतो, आणि तो परत येईपर्यंत मुख्याध्यापक चष्मा पुसून पहिल्या कागदाची घडी उलगडतात.